हात न लावणारे मिस्त्री

मला मशीन खोलायला ज्यांनी शिकवलं, त्या मिस्त्रींनी दोन वर्षांत माझ्या मशीनला एकदाही हात लावला नाही.

इस्त्रीचा पांढरा शर्ट, पांढरी टोपी, आणि पाठीमागे एकमेकांत अडकवलेले दोन्ही हात. सकाळी आठ-सव्वाआठला ते शेडच्या दारात उभे राहायचे ते वराकडच्या वडीलधाऱ्यासारखे. नवीन आलेल्या बायकांना ते बँकेचे साहेब वाटायचे. एकीनं तर घाईघाईनं पदर सावरून खुर्ची पुढं केली होती. गावातल्या बाकीच्या मिस्त्रींच्या नखांत काळं असतं, खिशात चिंधी असते. यांची कॉलरसुद्धा कधी मळलेली पाहिली नाही.

पहिल्या दिवशी मी म्हणाले, "मिस्त्री, जरा उघडून बघा की."

"मशीन कुणाचं हाय?"

"माझं."

"मग मी कशाला हात लावू? तू उघड."

मी पंचेचाळीस वर्षांची, आठ बायकांना कामाला लावणारी. हा माणूस ओळख होऊन पाच मिनिटं झाली नाहीत तोवर मला अगं-तुगं करत होता, आणि बोलावलेलं काम मलाच सांगत होता. राग आला. पण मशीन बंद होतं आणि दुसरं कुणी येत नव्हतं, म्हणून स्क्रूड्रायव्हर घेतला.

खरं कारण मला चौथ्या दिवशी समजलं. माझ्या हातून एक बारीक स्क्रू खाली पडला, त्यांच्या चपलेपाशी. ते सवयीनं वाकले. उजवा हात पाठीमागून पुढं आला आणि मी तो पहिल्यांदा नीट पाहिला. बोटं स्क्रूपाशी पोचत होती, पण त्याला धरत नव्हती. आजूबाजूची फरशी चाचपत होती. तीनदा प्रयत्न झाला. मग ते सरळ झाले, हात पुन्हा पाठीमागे गेला, आणि नेहमीच्या आवाजात म्हणाले, "स्क्रू उचल. पडल्याला स्क्रू तसाच ठिवायचा न्हाय."

मी उचलला. माझ्या सासऱ्यांचा हात शेवटची सहा वर्षं असाच होता. त्यावर बोलून काही होत नाही, हे मला माहीत होतं. मला कळलंय हे मिस्त्रींनाही कळलं असणार; ते काही आंधळे नव्हते. त्या दिवसापासून आमचा एक न बोललेला व्यवहार ठरला. मला मशीन चालू हवं होतं. त्यांना एवढंच हवं होतं, की कोल्हापुरात कुठं मशीन अडलं की लोकांनी त्यांना हाक मारावी. हात गेला हे बाहेर फुटलं असतं, तर ती हाक थांबली असती. बाकी ठिकाणी ते मालकाचाच एखादा माणूस हाताशी घ्यायचे, त्याला पुढं घालून काम उरकायचे, आणि लोकांना वाटायचं, मोठा माणूस आहे, हात कशाला काळे करील.

आता मिस्त्री जाऊन वर्ष होत आलं. तेव्हा हे लिहायला हरकत नाही.

मशीन काय होतं ते सांगते. आमच्याकडे आधी बायका हातानं वाकळा शिवायच्या. जुन्या साड्या, नऊवारी, सुती लुगडी एकावर एक घालून धावदोरा. एका वाकळेला दहा-बारा दिवस. मग मागणी वाढली, बायकांचे खांदे भरून यायला लागले, आणि मी बेंगळुरूकडच्या एका बंद पडलेल्या युनिटमधून लाँगआर्म मशीन आणलं. बारा फुटी टेबल, त्यावर रुळांवरून मागं-पुढं आणि आडवं सरकणारं मशीन. त्याचा हात एवढा लांब, की आमच्या मालूताईंनी पहिल्याच दिवशी त्याचं नाव सोंड ठेवलं. कापड रोलरवर ताणून बसवायचं आणि मशीनच्या मुठी धरून उभ्यानं चालवायचं. पाटीवर खडूनं वेल काढावी तशी कापडावर टीप उठते. एका दिवसात दोन गोधड्या निघतात. पंधरा दिवस निघाल्या. सोळाव्या दिवशी टाके सुटायला लागले.

विकणाऱ्यांना फोन केला, तर "मॅडम, व्हिडिओ पाठवा." पाठवला. "मॅडम, दुसऱ्या बाजूनं पाठवा." तोही पाठवला. असे अकरा व्हिडिओ गेले. शेवटी कुणीतरी या मिस्त्रींचं नाव सांगितलं. त्यांची चाळीस वर्षं इचलकरंजीच्या मागांवर गेली होती, नंतर शिलाईच्या मशीनींवर. लाँगआर्म त्यांनी जन्मात पाहिलं नव्हतं. तसं त्यांनी सरळ सांगितलं आणि दोन दिवस ते उघडलेल्या मशीनकडे नुसते बघत उभे राहिले. मी मुठी धरून हळूहळू फिरवायची, ते वाकून बघायचे. मध्येच "थांब" म्हणायचे, मध्येच "मागं घे". मालूताई माझ्या कानाशी लागल्या, "अक्का, ह्येंच्यापेक्षा तो फोनवाला बरा हुता. त्यो निदान मॅडम म्हणत हुता."

तिसऱ्या दिवशी मिस्त्री म्हणाले, "कळलं. ही शिलाई मशीनच हाय. पसरून ठेवलीया एवढंच."

आणि मग चौकशी सुरू झाली. त्यांच्या सगळ्या विक्षिप्तपणात माझा सर्वांत जास्त वेळ खाणारी ही गोष्ट. मशीन रुसलं, मशीन दगा देतंय, असं कुणी म्हटलेलं त्यांना खपायचं नाही. "मशीन रुसत न्हाय. माणूस चुकतंय," हे त्यांचं वाक्य मी किमान दोनशे वेळा ऐकलं असेल. त्यामुळे बिघाड झाला की आधी कोण चुकलं ते ठरायचं. चुकलेल्या माणसानं सगळ्यांसमोर बोलायचं. त्याशिवाय स्क्रू उघडायचा नाही. फौजदारासारखे ते एकेकीपुढं जाऊन उभे राहायचे.

"काल काय केलीस?"

"मी काय केलो न्हाय बगा," मालूताई.

"दोरा तुटला हुता का न्हाय?"

"तुटला हुता की. मग जोडला."

"खाली अडकल्याला दोरा कशानं काढलीस?"

सगळ्या बायका मालूताईंकडे बघायला लागल्या. त्यांचा हात आपोआप अंबाड्याकडे गेला.

"आकड्यानं," त्या म्हणाल्या. "केसातला आकडा घातला आन् वडला. मग काय करू? चिमटा ह्या शबानापाशी हुता."

"शाबास," मिस्त्री म्हणाले. "अक्का, आता उघड."

आतलं फिरणारं हूक उघडल्यावर त्याच्या कडेला आकड्याचा ओरखडा दिसला. नखाला लागेल न लागेल एवढा. त्यात दोरा विसकटत होता. मी तो अगदी बारीक पॉलिश पेपरनं घासून काढला आणि दोरा तुटायचा थांबला. कबुलीनंतर मिस्त्री मालूताईंना अवाक्षर बोलले नाहीत, हे मात्र सांगायला हवं. चूक सांगितली की त्यांच्या लेखी विषय मिटला. माझ्या लेखी मिटत नव्हता, कारण पेपर मला घासावा लागला होता आणि त्या चौकशीत सकाळचा दीड तास गेला होता.

मशीन सांभाळणं म्हणजे काय, हे मी त्यांच्याकडून शिकले. त्यात हुशारीचा भाग फारसा नाही. कंटाळ्याचाच जास्त. बॉबिन बदलली की ब्रशनं हुकातला कापूस काढायचा. हुकावर तेलाचा एक थेंब. दोन नाही, एकच. रूळ पुसायचे, चाकं पुसायची, तास मोजून सुई बदलायची, मग ती चांगली दिसो की वाईट. रोज. ताप असला तरी रोज. "कट्टाळा आला म्हंजे तेलाची येळ झाली," ते म्हणायचे. कंटाळा मला दिवसातून आठ वेळा यायचा.

पहिल्या महिन्यात मशीन हातातून सोडलं की आपोआप डावीकडे सरकायचं. मी म्हटलं, चाकं खराब असतील. त्यांनी खिशातून एक काचेची गोटी काढली. म्हणजे मला खिशातून काढायला लावली. "उजव्या खिशात हाय, घे," म्हणाले. गोटी टेबलावर ठेवली, तर ती रमतगमत डाव्या कोपऱ्यात गेली. गवंड्याची पाणसळ आणून मी टेबलाच्या आठही पायांखालचे नट फिरवत दिवसभर जमिनीवर पडून होते. संध्याकाळी गोटी ठेवली तिथं थांबली. मिस्त्री गोटीकडे बघून म्हणाले, "आता ही झोपली." तेवढंच कौतुक.

पण खरा छळ टायमिंगचा होता. पहिल्यांदा टाके सुटत होते, तेही त्यामुळंच. सुई खाली जाऊन वर यायला लागते. दोन-अडीच मिलिमीटर वर आली, की नेमक्या त्या वेळी हुकाच्या टोकानं सुईच्या मागून जाऊन दोऱ्याचा फास उचलायचा. सुई आणि टोक यांच्यात कागद जेमतेम सरकेल एवढं अंतर. टोक लवकर आलं तर टाका सुटतो, उशिरा आलं तरी सुटतो, फार जवळ आलं तर सुईच मोडते. हे सगळं तीन बारीक स्क्रूंवर. मी पहिल्यांदा जुळवलं तेव्हा अडीच तास लागले होते. कंबर धरली होती. उठून उभी राहिले आणि म्हणाले, "झालं."

त्यांनी वाकून बघितलं. "झालं. आता मोड."

"काय?"

"मोड. तिन्ही स्क्रू ढिलं कर आन् हूक फिरीव."

"मिस्त्री, अहो आत्ता तर जुळलं!"

"चुकून जुळलंय का हाताला कळलंय, हे कसं समजायचं? मोड."

मी मोडलं. जुळवलं. पुन्हा "मोड". त्या दिवशी नऊ वेळा. आठवडाभर रोज जेवणाच्या सुट्टीत चार-पाच वेळा. बायका डबा खात बघत बसायच्या आणि मालूताई मोजायच्या, "सहा झालं. मिस्त्री, तिला भाकरी तरी खाऊ द्या की!" मला रडायला येत नाही, नाहीतर तेव्हा आलं असतं. आठवड्याअखेर मी ते वीस मिनिटांत करायला लागले. मिस्त्री म्हणाले, "बरं." आता विचार करते तेव्हा वाटतं, हाताला कळणं म्हणजे काय, हे त्यांना त्या वर्षी सगळ्यांत जास्त कळत असणार. त्यांच्या हाताला सगळं कळत होतं आणि हात ऐकत नव्हता.

त्यांच्यावर मी एकदाच भडकले. पन्हाळ्यावरच्या एका रिसॉर्टसाठी चोवीस गोधड्या द्यायच्या होत्या, थंडीच्या आधी. खंडेनवमीला आम्ही शेडमध्ये मशीनची पूजा केली. मिस्त्री आधी बजावून गेले होते, "पुसून ठिवा. बास." पण एवढं मोठं मशीन, पहिलाच दसरा, बायकांची हौस. झेंडूच्या माळा आणल्या, हळदकुंकू, नारळ. पूजा मीच केली. दसऱ्यानंतर काम सुरू केलं, तर प्रत्येक गोधडीवर डावीकडून दोन वितींवर वेलीला एक बारीक ठेच. वळणदार ओळ यायची, तिथं अडखळायची, पुढं जायची. एकदा दिसली की नजर तिथंच जायची. तीन गोधड्या उसवाव्या लागल्या.

मिस्त्री आले. "कोण चुकलं?"

कुणी नाही. आकडा कुणी घातला नाही, सुई कुणी बदलली नाही, टेबलाला कुणी धक्का दिला नाही. 

"मग मी जातो," म्हणाले आणि बाहेर लिंबाच्या झाडाखाली जाऊन उभे राहिले. हात पाठीमागे. पाऊण तास झाला, दीड तास झाला. आत बायकांची जुंपली. मालूताई शबानाला म्हणाल्या, "तूच टेकून हुबी ऱ्हातीस टेबलाला." शबाना म्हणाली, "आन् तुमी चहाचा कप कुठं ठेवता?" जुनी भांडणं निघाली, कुणाच्या तरी भाच्याच्या लग्नातलं जेवण निघालं. तीन तास मशीन बंद. मी बाहेर जाऊन ओरडले, "मिस्त्री, माझी ऑर्डर बुडेल! कोण चुकलं ते नंतर बघू, आधी काय चुकलं ते बघा!"

"त्ये एकच असतंय," ते म्हणाले आणि जागचे हलले नाहीत.

आत येऊन मी संतापानं झाडू घेतला. काहीतरी करायचं म्हणून टेबलाखालचा झेंडूचा कचरा काढायला लागले. सुकलेल्या पाकळ्या आणि त्यात कुंकवानं लाल झालेले तांदूळ. झाडू तसाच हातात राहिला. आरती झाल्यावर मी ओंजळ भरभरून मशीनवर अक्षता टाकल्या होत्या. मीच. 

बाहेर गेले. "मिस्त्री, मी चुकले. अक्षता टाकल्या मशीनवर."

त्यांनी माझ्याकडे नीट बघितलं. "लगीन लावलीस व्हय मशीनचं?"

दारात उभ्या असलेल्या बायका फिस्सकन हसल्या. मालूताईंना तर धाप लागली. मला हसू आलं नाही, पण राग उतरला. रुळाच्या खाचेत, डावीकडून दोन वितींवर, एक दाणा चपटा होऊन घट्ट बसला होता. आणखी तीन चाकांच्या खोबणीत निघाले. तेलात कुंकू मिसळून त्याचा लेप झाला होता, तो निराळाच. सगळं खोलून पुसायला संध्याकाळ झाली. निघताना मिस्त्री म्हणाले, "फुडल्या साली फुलं वाहा. दाणं कोंबड्यास्नी टाक." गोधड्या वेळेत गेल्या, कशाबशा.

त्यानंतरच्या उन्हाळ्यात शाहूपुरीतल्या एका गादीवाल्या शेठनी मिस्त्रींना फोन केला. त्यांनीही लॉजच्या रजयांसाठी असलंच मशीन घेतलं होतं आणि टाके सुटत होते. मिस्त्री मला म्हणाले, "चल. सोताचं मशीन लै बगितलंस. दुसऱ्याचं बग." मला का नेतायत ते मला माहीत होतं. माझ्या स्कूटरवर मागं बसून, वाटेत माझ्या ब्रेक मारण्याला नावं ठेवत ते आले.

शेठ तसे भले. पण मी पिशवी उघडून खाली बसायला लागले, तसं त्यांनी विचारलं, "मिस्त्री, या ताई कोण?"

"माझ्याकडं शिकल्यात. मी सांगतो, त्या करतील."

"अहो, माझ्या मशीनवर शिकवणी नको. परवा माल द्यायचाय. मी तुमच्या नावावर बोलावलंय. तुम्ही बसा की, दहा मिनिटांचं काम तुमच्या हाताचं."

मला वाटलं, आता मिस्त्री काहीतरी तिरकस बोलतील आणि वेळ मारून नेतील. तोंडाचे ते तिखट होते. पण ते खाली बसले. पाठीमागचा हात पुढं आला आणि त्यांनी माझ्या हातातून स्क्रूड्रायव्हर घेतला.

त्याचं टोक हुकाच्या कडेला लागून वाजायला लागलं. टक-टक-टक-टक. पंखे चालू होते, दोन मशीन चालू होती, तरी ते सगळ्यांना ऐकू आलं. शेठ बघत होते. त्यांचे दोन कारागीर बघत होते. मिस्त्रींनी डाव्या हातानं उजवं मनगट धरलं. टोक स्क्रूच्या खाचेवरून घसरलं, पुन्हा वर आलं, पुन्हा घसरलं, आणि हुकाच्या टोकापासून केसभर अंतरावर थरथरायला लागलं. तिथं ओरखडा पडला असता, तर हूक गेलं. नवीन यायला महिने लागतात.

मी म्हणाले, "शेठ, यांचा हात थरथरतो. दोन वर्षं झाली. डोकं यांचं, हात माझा, असं आम्ही काम करतो. तुम्हाला मशीन चालू हवंय ना?" आणि मिस्त्रींच्या हातातून स्क्रूड्रायव्हर काढून घेतला. तो सहज सुटून आला.

शेठ म्हणाले, "असं होय? मग आधी सांगायचं नाही का." 

बाकी काही नाही. चांगलं बोलले उलट. मिस्त्री उठून बाजूला झाले. मी सव्वा तासात टायमिंग जुळवलं, रूळ पुसले, सुई बदलली. मिस्त्रींनी मध्ये एकही सूचना दिली नाही. निघताना शेठनी खिशातून मोबाइल काढला आणि मला म्हणाले, "ताई, तुमचा नंबर द्या. पुढं लागलं तर." मिस्त्री शेजारीच उभे होते. मी नंबर दिला. न देण्यासारखं काही कारण मला तेव्हा सुचलं नाही.

परत येताना मी दोनदा जोरात ब्रेक मारला, तरी त्यांनी नावं ठेवली नाहीत. शिवाजी पेठेत त्यांच्या बोळाशी उतरले आणि म्हणाले, "हुकाला तेल घातलीस का त्येच्या?"

"घातलं."

"बरं," म्हणाले आणि गेले.

मी बरोबर केलं, असं मला तेव्हा वाटलं आणि आजही वाटतं. हूक खराब झालं असतं, शेठचं नुकसान झालं असतं, आणि मिस्त्रींचं नाव तसंही गेलं असतं, तेही तोट्यासकट. पण कोल्हापुरात असली बातमी दुपारच्या चहाला निघते आणि संध्याकाळच्या चहाला गाव फिरून येते. दुसऱ्या दिवशी मिस्त्री आले नाहीत. त्या आठवड्यात आले नाहीत. मालूताई रोज विचारायच्या, "म्हातारं कुठं गेलं?" मी म्हणायची, येतील. बाराव्या दिवशी मी घरी गेले. ते आतल्या खोलीत होते, बाहेर आले नाहीत. त्यांची सूनबाई दारातच हळू आवाजात म्हणाली, "आता कुणाचा फोन येत न्हाय. मामंजी दिवसभर मोबाइल मांडीवर घेऊन बसत्यात. बिघडलाय का म्हणून दोनदा दुकानात दावून आणला."

चहा घेतला आणि आले.

त्यानंतर दोन दिवसांनी गादीवाल्या शेठचा फोन मला आला. दोरा तुटत होता. मी पुन्हा शिवाजी पेठेत गेले. या वेळी मिस्त्री दारातल्या पायरीवरच बसले होते.

"काय गं, कामधंदा न्हाय तुला?"

"शेठचा फोन होता. दोरा तुटतोय."

"मग?"

"उद्या दहाला जाते."

ते मग म्हणाले, "एकटीच जाते म्हणून सांगायला आलीस, का चला म्हणायला आलीस?"

"चला म्हणायला."

"साडेनऊला ये."

साडेनऊला ते बोळाच्या तोंडाशी उभे होते. शर्टाला इस्त्री होती. दुकानात पोचलो, तसे शेठ पुढं आले. "या ताई, या. तुमचीच वाट बघत होतो." मग मागं मिस्त्री दिसले. "अरे, काकाही आलेत! काका, या, बसा, बसा." त्यांनी दाराजवळ एक प्लॅस्टिकची खुर्ची ओढली, तिच्यावरची धूळ झटकली. पंधरा दिवसांपूर्वी हेच शेठ त्यांना मिस्त्री म्हणत होते.

मिस्त्री खुर्चीत बसले. चहा आला, तो पहिला माझ्यापुढं ठेवला गेला.

मी प्लेट काढली, कापूस साफ केला, विजेरी धरली. हुकाच्या कडेला बारीक ओरखडा उठला होता. आकडा असेल, कात्रीचं टोक असेल. कुणीतरी घाई केली होती. पाच मिनिटांचं काम. पॉलिश पेपर पिशवीत होता. मी तो काढला नाही. विजेरी खाली ठेवली आणि दाराकडं बघून मोठ्यानं म्हणाले, "मिस्त्री, जरा इकडं या. हे कशानं होतंय कळत नाही मला."

शेठनी मान वळवली. कारागिरांनीही.

मिस्त्री रस्त्याकडं बघत होते. त्यांनी मान वळवून मशीनकडं पाहिलं नाही. माझ्याकडं पाहिलं.

"तुला म्हाईत हाय," ते म्हणाले.

"नाही ओ, खरंच—"

"म्हाईत हाय तुला. मला बरं वाटावं म्हणून इचारू नगंस, अक्का. कर तुझं काम." आणि ते पुन्हा रस्त्याकडं बघायला लागले.

मला माहीत होतं. मी पॉलिश पेपरची पट्टी फाडली आणि हुकाची कड घासायला घेतली.